लिनक्सवर वायफाय दिसत नाही? आधी चिप ओळखा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित मोफत अपडेट थांबवले. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण अजून धडधाकट असलेले कितीतरी संगणक तेव्हापासून लिनक्स मिंट किंवा उबुंटूकडे वळले. त्यांच्या मालकांकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते : ‘विंडोजमध्ये वायफाय व्यवस्थित चालायचं, इथे दिसतच नाही. कोणता ड्रायव्हर टाकू?’ सोबत लॅपटॉपची कंपनी आणि मॉडेल लिहिलेलं असतं.

त्या माहितीवरून उत्तर देता येत नाही. एकाच मॉडेलच्या एका खेपेत इंटेलचं वायफाय कार्ड निघतं, दुसऱ्या खेपेत रिअलटेकचं. झाकणावरच्या नावाशी लिनक्सला काही कर्तव्य नसतं. त्याला कळते ती आतली चिप. तेव्हा चिपचा पत्ता लागेपर्यंत काहीही इन्स्टॉल करू नका, एवढी एकच अट पाळलीत तर निम्मा गोंधळ टळतो.

एक सूचना : लेखातल्या आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या.

दोष ड्रायव्हरचाच आहे का?

वायफाय चालत नाही म्हणजे ड्रायव्हर नाही, असं बहुतेक जण धरून चालतात. आधी लक्षण नीट बघा.

- सेटिंग्जमध्ये वायफायचा पर्यायच नाही, किंवा ‘अ‍ॅडॅप्टर सापडला नाही’ असा संदेश येतो : दोष ड्रायव्हर, फर्मवेअर किंवा सिक्युअर बूटचा. पुढचा लेख मुख्यतः तुमच्यासाठीच आहे.
- पर्याय आहे, पण बटण चालू होत नाही : वायफाय कुठेतरी अडवलेलं आहे. आरएफकिल लिस्ट ही आज्ञा द्या. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड : यस’ आलं तर आरएफकिल अनब्लॉक ऑल पुरेसं. ‘हार्ड ब्लॉक्ड : यस’ आलं तर लॅपटॉपच्या कडेचा सरकता खटका किंवा विमानाचं चित्र असलेली वरच्या रांगेतली कळ शोधा. हार्ड ब्लॉक आज्ञेने सुटत नाही.
- नेटवर्कची नावं दिसतात, पण जोडणी होत नाही किंवा टिकत नाही : ड्रायव्हर हजर आहे. सरळ ‘जोडलं जातं, पण टिकत नाही’ या भागाकडे जा.
- कालपर्यंत चालत होतं, अपडेटनंतर गेलं : यालाही वेगळा भाग दिला आहे.

डेस्कटॉपवाल्यांनी आणखी एक पाहावं. हल्लीच्या अनेक मदरबोर्डांत वायफाय आतच असतं आणि मागे दोन पितळी रंगाचे आटे दिसतात. त्यांवर बसवायचे अँटेना मदरबोर्डच्या खोक्यातच पडून राहिलेले असतात. अँटेना नसताना शेजारच्या खोलीतला राउटरही जेमतेम दिसतो आणि खापर ड्रायव्हरवर फुटतं.

इंटरनेट नसताना इंटरनेट कसं दुरुस्त करायचं?

ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर, या पेचातून बाहेर काढतो तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन. डेटा केबलने तो संगणकाला जोडा आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी टेथरिंग’ चालू करा. लिनक्सला फोन वायरच्या नेटवर्कसारखा दिसतो आणि बहुतेक वेळा काहीही इन्स्टॉल न करता जोडणी होते. फोन घरच्या वायफायवर असेल तर तेच वायफाय केबलमधून संगणकाला मिळतं, मोबाइल डेटा खर्च होत नाही. फक्त चार्जिंग करणारी स्वस्त केबल इथे चालणार नाही. टेथरिंगचं बटण पुसट दिसत असेल तर आधी केबल बदला.

मिंट वापरणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. ज्या पेनड्राइव्हवरून मिंट टाकलं तो लावून ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा. ब्रॉडकॉमसारख्या काही चिपची पॅकेजं त्या पेनड्राइव्हवरच असतात.

चिपची ओळख

कार्ड आतलं असेल तर एलएसपीसीआय -एनएनके, यूएसबी डोंगल असेल तर एलएसयूएसबी. पहिल्या आज्ञेच्या लांबलचक यादीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ असं लिहिलेला भाग शोधा. त्यात दोन गोष्टी पाहायच्या.

पहिली, चौकटी कंसातली जोडी : चार अक्षरं, विसर्गासारखी दोन टिंबं, पुन्हा चार अक्षरं. आधीची चार अक्षरं कंपनी सांगतात, नंतरची चिप. ८०८६ म्हणजे इंटेल (१९७८ साली आलेल्या आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा कंपनीने ओळखीसाठी घेतला आहे), १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १६८सी म्हणजे अथेरॉस. यूएसबीवर रिअलटेकचा आकडा वेगळा, ०बीडीए. ही जोडी कागदावर उतरवून ठेवा. यापुढे काही शोधायचं तर लॅपटॉपच्या मॉडेलऐवजी ती जोडी टाकून शोधा.

दुसरी, त्याच भागातली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ. ती असेल तर ड्रायव्हर चिपला लागलेला आहे आणि नवा ड्रायव्हर शोधणं व्यर्थ आहे, घोडं अडलंय ते फर्मवेअरपाशी. ती ओळ नसेल तरच ड्रायव्हरचा शोध सुरू करा.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांतला फरक निर्णयापुरता लक्षात ठेवा. ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, असतो. फर्मवेअर ही चिपच्या आत चालणारी कंपनीची फाइल असते आणि ती वेगळ्या पॅकेजमधून येते. सुडो डीमेसेज ही आज्ञा दिल्यावर ‘फर्मवेअर’ आणि ‘फेल्ड’ किंवा ‘नॉट फाउंड’ हे शब्द एकाच ओळीत दिसले तर फाइल गायब आहे. उबुंटू आणि मिंटमध्ये लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज अद्ययावत करून संगणक पुन्हा सुरू करा. डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांत हा त्रास हमखास व्हायचा, कारण मुक्त नसलेलं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेत नसत. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे धोरण बदललं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते सोबत मिळू लागलं. जुनं डेबियन टाकून झगडत असाल तर नवं टाका, वेळ वाचेल.

कोणत्या कंपनीच्या चिपला काय करायचं?

इंटेल. सगळ्यात कमी कटकट. ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, त्याचं नाव आयडब्ल्यूएलवायफाय. चिप नवी आणि कर्नल जुना असेल तेवढंच अडतं. उदाहरणार्थ, एएक्स२१० ला किमान ५.१० कर्नल लागतो. तुमचा कर्नल यूनेम -आर ने कळतो. विंडोजही त्याच संगणकावर असेल तर आणखी एक कारण तपासा : विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे ते पूर्ण बंद होत नाही आणि वायफाय कार्ड अर्धवट झोपेत राहतं. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा.

क्वालकॉम अथेरॉस. बहुधा काही करावं लागत नाही. जुन्या अथेरॉस कार्डांचा एटीएच९के हा ड्रायव्हर तर वेगळं फर्मवेअरही मागत नाही. जुन्या बाजारात असं कार्ड मिळालं तर डोळे झाकून घ्या.

मीडियाटेक. इथे सगळा खेळ कर्नलच्या आवृत्तीचा आहे. एमटी७९२१ ला ५.१२, एमटी७९२२ ला ५.१६ आणि एमटी७९२५ ला ६.७ किंवा त्यापुढचा कर्नल हवा. मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘लिनक्स कर्नल्स’ हा पर्याय आहे, तिथून नवा कर्नल दोन क्लिकमध्ये बसतो. उबुंटूच्या एलटीएस (दीर्घ मुदतीच्या) आवृत्तीत ‘एचडब्ल्यूई’ नावाचं कर्नल पॅकेज त्यासाठीच असतं.

ब्रॉडकॉम. जुने मॅकबुक आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे अनेक लॅपटॉप या गटात येतात. ब्रॉडकॉमसाठी दोन वेगळे ड्रायव्हर आहेत आणि ते एकमेकांच्या वाटेत येतात. जुन्या ४३११, ४३१८, ४३३१ अशा चिपना बी४३ लागतो. तो कर्नलमध्ये आहे, पण फर्मवेअर वाटण्याची परवानगी कंपनीने दिलेली नसल्याने ते फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर हे पॅकेज नेटवरून स्वतः आणतं. ४३५२, ४३६०, ४३१४२ या चिपना डब्ल्यूएल हा कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर लागतो. मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’, उबुंटूमध्ये ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ उघडा, ब्रॉडकॉमचा पर्याय निवडा आणि संगणक पुन्हा सुरू करा. एखादा पर्याय चालला नाही म्हणून दुसराही वर चढवला की दोन्ही अडतात. आधीचं पॅकेज काढा, मगच दुसरं टाका. डब्ल्यूएलची नवी आवृत्ती कंपनीने २०१५ नंतर काढलेली नाही. उबुंटू, मिंट अशा वितरणांचे स्वयंसेवक ठिगळं लावून ती नव्या कर्नलवर चालवतात, त्यामुळे कधी एखाद्या नव्या कर्नलवर ती बसत नाही. अशा यंत्रावर एलटीएस वितरणच ठेवा, उगाच नव्याच्या मागे लागू नका.

रिअलटेक. सर्वाधिक प्रश्न इथले, कारण स्वस्त लॅपटॉप आणि स्वस्त डोंगल यांत ही चिप सर्रास असते. आतल्या कार्डांपैकी ८८२१सीई ला कर्नल ५.९ पासून, ८८५२एई ला ५.१६ पासून आणि ८८५२बीई ला ६.२ पासून आधार आहे. म्हणजे बऱ्याच जणांना ड्रायव्हर नकोच असतो, कर्नल वाढवला की काम होतं.

आरटीएल८७२३बीई चा त्रास वेगळा. वायफाय सुरू असतं, पण राउटरला चिकटून बसलं तरच चालतं. अनेक एचपी लॅपटॉपमध्ये या कार्डाला एकच अँटेना जोडलेला असतो आणि ड्रायव्हर भलत्याच अँटेनाकडे कान लावून बसतो. उपाय एका ओळीचा आहे. ईटीसी मधल्या मॉडप्रोब.डी या फोल्डरात .कॉन्फ ने संपणाऱ्या नावाची फाइल करून त्यात ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई अँट_सेल=२ असं लिहा आणि संगणक पुन्हा सुरू करा. फरक पडला नाही तर २ च्या जागी १ लिहा.

यूएसबी डोंगलमध्ये एक खास फसवणूक दडलेली असते. डोंगल लावला की वायफाय न येता डेस्कटॉपवर डिस्कचं चिन्ह उमटतं. विंडोजवाल्यांची सीडी वाचावी म्हणून कंपनीने ड्रायव्हर डोंगलमध्येच भरलेला असतो, आणि डोंगल आधी स्वतःला सीडी म्हणून ओळख देतो. एलएसयूएसबीच्या यादीत तो ०बीडीए:१ए२बी असा दिसला तर हाच प्रकार. त्या चिन्हावर उजवं क्लिक करून ‘इजेक्ट’ करा. पुष्कळदा तेवढ्यानेच डोंगल भानावर येऊन वायफाय म्हणून हजर होतो. नाहीच झाला तर यूएसबी-मोडस्विच हे पॅकेज टाकून डोंगल काढून पुन्हा लावा.

८८१२एयू आणि ८८२१एयू या डोंगलांना अगदी अलीकडच्या कर्नलमध्ये आतूनच आधार मिळू लागला आहे. जुन्या कर्नलवर मात्र बाहेरचा ड्रायव्हर डीकेएमएस पद्धतीने बसवावा लागतो, आणि तिथून पुढचे दोन्ही त्रास सुरू होतात.

सिक्युअर बूटची निळी खिडकी

बाहेरचा ड्रायव्हर बिनतक्रार इन्स्टॉल झाला, संगणक पुन्हा सुरू केला, तरी वायफाय नाही. हाताने ड्रायव्हरचं मॉड्यूल चढवायला गेलात तर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर येतं. सिक्युअर बूट चालू असताना सही नसलेलं मॉड्यूल कर्नल दारातच अडवतो. मार्ग दोन आहेत.

पहिला, सहीची किल्ली नोंदवण्याचा. ड्रायव्हर टाकताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगतं. तुमच्या लॉगिनशी त्याचा संबंध नाही, एकदाच वापरायचा असतो, म्हणून साधा ठेवा. संगणक पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो आणि कोणतीही कळ दाबा असं सांगतो. इथेच बहुतेकांची गाडी चुकते, कारण तो दहाच सेकंद थांबतो. तुम्ही चहा आणायला गेलात तर तो निघून जातो, संगणक नेहमीसारखा सुरू होतो आणि किल्ली नोंदली जात नाही. कळ दाबल्यावर क्रमाने ‘एनरोल एमओके’, ‘कंटिन्यू’, ‘यस’ निवडा, पासवर्ड द्या आणि ‘रीबूट’ करा. हुकलंच तर सुडो एमओकेयूटिल --इम्पोर्ट ही आज्ञा किल्लीच्या फाइलचा पत्ता जोडून पुन्हा द्यावी लागते. उबुंटूमध्ये ती फाइल व्हार, लिब, शिम-साइन्ड, एमओके या फोल्डरांच्या आत ‘एमओके.डीईआर’ नावाने असते. फोल्डरांची नावं लहान अक्षरांत आहेत, पण या फाइलच्या नावातला एमओके मोठ्या अक्षरांत लिहायचा.

दुसरा मार्ग बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करण्याचा. सोपा आहे, पण त्याच संगणकावर बिटलॉकर लावलेलं विंडोज असेल तर पुढच्या वेळी विंडोज रिकव्हरी की मागतं. ती हाताशी नसेल तर तुमचा डेटा कुलपातच राहील. माझं मत पहिल्या मार्गाच्या बाजूने आहे.

काल चालत होतं, आज गेलं

डीकेएमएसने बसवलेला ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधला जातो. त्यासाठी त्या कर्नलची ‘हेडर्स’ पॅकेजं लागतात. ती नसली तर कर्नल अपडेट होतो आणि ड्रायव्हर मागे राहतो.

1. संगणक सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप कळ दाबून ग्रबचा मेनू आणा. ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचा कर्नल असतो, तो निवडा. वायफाय परत आलं तर निदान पक्कं झालं.
2. उबुंटू आणि मिंटमध्ये लिनक्स-हेडर्स-जेनेरिक टाका. एचडब्ल्यूई कर्नल वापरत असाल तर त्याच्या जोडीचं हेडर्स पॅकेज घ्या.
3. डीकेएमएस स्टेटस ने ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी ‘इन्स्टॉल्ड’ दिसतो का ते पाहा.

हे होईपर्यंत जुना कर्नल काढून टाकू नका.

जोडलं जातं, पण टिकत नाही

सगळ्यात आधी वीजबचत बंद करून बघा. ईटीसी, नेटवर्कमॅनेजर (यातले एन आणि एम मोठ्या अक्षरांत), कॉन्फ.डी या वाटेवरच्या ‘डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ’ या फाइलमध्ये वायफाय.पॉवरसेव्ह = ३ असं असतं. ३ चा २ करा आणि संगणक पुन्हा सुरू करा. बॅटरी थोडी जास्त खर्च होईल, पण पाच-दहा मिनिटांनी तुटणारं वायफाय अनेकदा इथेच बरं होतं.

डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये असेल आणि शेजारी बाहेरची हार्डडिस्क लावलेली असेल तर दोष जागेचा आहे. यूएसबी ३ च्या वहनातून २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात गोंगाट होतो, हे इंटेलनेच २०१२ च्या एका अहवालात दाखवून दिलं आहे. डोंगल काळ्या यूएसबी २ पोर्टमध्ये लावा, किंवा हातभर एक्स्टेन्शन वायरने पत्र्याच्या कॅबिनेटपासून दूर न्या.

घरातल्या फोनला दिसणारं एखादं नेटवर्क संगणकाला दिसतच नसेल तर आयडब्ल्यू रेग गेट देऊन देश तपासा. ‘००’ आलं असेल तर कार्ड काही चॅनलवर स्वतःहून पुढाकार घेत नाही. सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन ही आज्ञा द्या. यातला ‘आयएन’ तेवढा मोठ्या अक्षरांत. परदेशात राहणाऱ्या वाचकांनी आपापल्या देशाचा संकेत लावावा, भारताचा नव्हे, कारण कोणत्या चॅनलवर किती शक्तीने प्रक्षेपण करायचं हे त्या देशाचा कायदा ठरवतो.

हे करू नका

- ‘एनडीआयएसरॅपर’ सुचवणारा लेख सापडला तर तो मिटून टाका. विंडोजचा ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवण्याची ती जुनी युक्ती होती, आज ती वेळ घालवण्यापलीकडे काही करत नाही.
- काय करते ते न कळता सुडोने सुरू होणारी लांब आज्ञा चिकटवू नका.
- एखादा ड्रायव्हर रोखायला ब्लॅकलिस्टमध्ये ओळी घालत असाल तर तारखेसह वहीत टिपून ठेवा. महिन्याभराने वायफाय बंद ठेवणारी ओळ आपणच लिहिली होती हे कोणाला आठवत नाही.
- लिनक्स पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करू नका. कर्नल तोच, फर्मवेअर तेच, तर निकालही तोच.

नवं कार्ड किंवा डोंगल घेताना

एका संध्याकाळी जमलं नाही तर डोंगल बदलणं शहाणपणाचं. लॅपटॉप जुना असेल तर बहुधा आतलं कार्डही बदलता येतं. मात्र इंटेलचं एएक्स२०१ किंवा एएक्स२११ घेऊ नका. ती कार्डं फक्त सुसंगत इंटेल प्रोसेसरसोबतच चालतात. एएक्स२०० आणि एएक्स२१० ला हे बंधन नाही. काही लॅपटॉपांचं बायोस यादीबाहेरचं कार्ड नाकारतं, हेही आधी तपासा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलात तर दुकानदार वेग सांगेल, तुम्ही चिप विचारा. खोक्यावर चिपचं नाव नसेल तर ‘लिनक्सवर नाही चाललं तर परत घ्याल का?’ हे विचारून ते बिलावर लिहून घ्या. ऑनलाइन खरेदीत तुमची बाजू भक्कम आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. म्हणून ‘लिनक्स सपोर्टेड’ असं लिहिलेल्या पानाचा स्क्रीनशॉट खरेदीच्याच दिवशी काढून ठेवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही जाता येतं. जाहिरातीत लिनक्सचा उल्लेखच नसेल तर मात्र ‘लिनक्सवर चालत नाही’ एवढ्या कारणाने हा हक्क मागणं कठीण.

मदत मागताना

कोणत्याही जाणकाराला विचाराल तेव्हा एवढं पाठवा : वितरणाचं नाव आणि आवृत्ती, यूनेम -आर चं उत्तर, एलएसपीसीआय -एनएनके मधला नेटवर्कचा भाग किंवा एलएसयूएसबीची यादी, आरएफकिल लिस्ट, आणि सिक्युअर बूट चालू आहे की बंद (एमओकेयूटिल --एसबी-स्टेट ने कळतं). पडद्याचा तिरका फोटो काढू नका, मजकूर कॉपी करून पाठवा. डीमेसेज पाठवणार असाल तर त्यातला मॅक अ‍ॅड्रेस आधी खोडा, निदानाला तो लागत नाही.